फाट्यावरची मालगाडी: डिझेल इंजिन गेलं म्हणून लाइन बंद पडते का?

प्रश्न विचारणाऱ्या तरुणाचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका छोट्या स्टेशनाला लागून आहे. आजोबा त्याच स्टेशनावर सांधेवाले, म्हणजे सांधा फिरवून गाडीची लाइन बदलून देणारे, होते. घरात ऐकलेलं असं की पूर्वी मालगाडी तिथे थांबायची, कौलं चढायची, लाकूड चढायचं, सिमेंट उतरायचं. आता मालधक्क्याची साइडिंग, म्हणजे बाजूची लाइन, उखडून नेली आहे, दोन सांधे काढले आहेत, आणि मुख्य मार्गातून फुटून रानात जाणारी फाट्याची लाइनही बंद करणार अशी गावात चर्चा आहे. त्या तरुणाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. डिझेल इंजिनं संपत आली म्हणून या लाइनी बंद पडतात का? मालगाडी लहान स्टेशनावर थांबायची का बंद झाली आणि ती परत आणता येईल का? आणि तिसरी, आजोबा सांगायचे की एका रात्री एकच मालगाडी स्टेशनात दोनदा आली, हे कसं शक्य आहे?

मी 1981 साली मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या लाइनीवर, डिझेल असिस्टंट म्हणून लागलो. मग मालगाडीचा ड्रायव्हर झालो आणि शेवटची काही वर्षं लोको इन्स्पेक्टर होतो. मिरज, बेळगाव, लोंढा, अळणावर, कॅसलरॉक, हाच माझा मुलूख. त्यामुळे जे सांगतो ते इंजिनाच्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याबद्दल फार चुकीचं बोललं जातं. डिझेल इंजिन गेल्यामुळे लाइन बंद पडत नाही. उलट आडबाजूच्या लाइनी इतकी वर्षं तगल्या त्या डिझेलमुळे. वाफेच्या इंजिनाला दर काही मैलांवर पाणी लागायचं, कोळशाचा साठा लागायचा, आग काढायला खड्डा आणि तोंड फिरवायला टर्नटेबल लागायचं. फाट्याच्या टोकाला हे सगळं सांभाळायचं म्हणजे आठवड्याला चार गाड्यांसाठी वीस माणसं पोसायची. डिझेल आलं आणि हे सगळं एका झटक्यात गेलं. टाकी भरली की इंजिन रानात जातं, टोकाला सुटून दुसऱ्या लाइनने वळसा घेतं, गाडीच्या दुसऱ्या तोंडाला लागतं आणि परत येतं. वर तार नको, वीज उपकेंद्र नको.

आमच्याकडे मीटरगेजवर वायडीएम-4 असायची. सहा सिलिंडर, 1,300-1,400 अश्वशक्ती, वजन 72 टनांच्या आसपास. दिसायला लहान, पण जंगलातल्या हलक्या रुळांवर तिच्यासारखी कामाची गाडी मी दुसरी पाहिली नाही. 1992 ला सगळ्या लाइनी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद, करायचा युनिगेज प्रकल्प सुरू झाला आणि त्या दशकात आमचा मीटरगेज रुंद झाला, तेव्हा डब्ल्यूडीएम-2 आली. सोळा सिलिंडर, 2,600 अश्वशक्ती, 112.8 टन. वाराणसीच्या कारखान्यात 1964 पासून बनत असलेलं अमेरिकन आल्को कंपनीच्या आराखड्याचं इंजिन. सहा आसांवर (ॲक्सलवर) ते वजन वाटलं की एका आसावर 18.8 टन येतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. त्यानंतर हुबळी शेडला डब्ल्यूडीजी-4 आली, 4,000 अश्वशक्ती, 126 टन. कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटातला चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना 1 मीटर वर. पुढे अशी इंजिनं जोडून आणि मागून ढकलणारं बँकर इंजिन लावून त्या घाटात कोळशाच्या रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, चढताना ज्याने पाहिल्या, त्याला डिझेल काय चीज होती हे वेगळं सांगायला नको.

आता मिरज-लोंढा मार्गावर तार आली आहे. सगळाच ब्रॉडगेज विजेवर न्यायचं रेल्वेचं धोरण आहे, त्यात फाटेही आले. पण तार आली म्हणजे लाइन वाचली, असं समजू नका. गंजलेल्या रुळावर तार टाकली तरी रूळ गंजकाच राहतो. डिझेलचा एक दोष मात्र प्रामाणिकपणे सांगतो. आल्कोचं इंजिन उभं असतानाही चालू ठेवायची सवय होती, कारण बॅटरी दुबळी असली तर बंद केल्यावर परत सुरू होईल याची खात्री नसायची. नुसतं उभं राहून ते ताशी पंचवीस लिटरच्या आसपास तेल खायचं. फाट्यावर दोन डबे काढायचे आणि चार लावायचे म्हणून पाच तास थांबलं, तर शंभराहून अधिक लिटर तेल कामाशिवाय गेलं. हिशेब करणाऱ्या साहेबाला हे खुपायचं आणि त्यात त्याची चूक नव्हती.

मग लाइन मारतं कोण? माझ्या मते अर्धवट माल. म्हणजे रेल्वेच्या भाषेत पूर्ण रेकपेक्षा कमी भरणारा माल.

जुनी पद्धत कशी होती ते सांगतो. खानापूरच्या एखाद्या कौलाच्या कारखानदाराला चार वाघिणी, म्हणजे मालाचे चार डबे, भरून कौलं पुण्याला पाठवायची आहेत. तो मास्तरकडे मागणी नोंदवायचा. पिकअप गाडी रिकाम्या वाघिणी मालधक्क्याला लावून जायची. दोन-तीन दिवसांत भरल्या की दुसरी पिकअप त्या उचलायची. प्रत्येक स्टेशनावर इंजिन सुटायचं, साइडिंगमध्ये शिरायचं, दोन लावायच्या, एक काढायची, पुन्हा गाडीला जोडायचं, ब्रेकसाठी व्हॅक्यूम तयार करायचं, निघायचं. बेळगाव ते मिरज हा प्रवास अशा गाडीने करताना आमचा दिवस संपून रात्र व्हायची.

आणि मिरजेला खरी मजा यायची. 1971 ला पुण्याकडून ब्रॉडगेज मिरजेपर्यंत आला, आमचा मीटरगेज लोंढ्याकडून यायचा आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून बार्शी लाइटचा नॅरोगेज. तीन गेज एका स्टेशनात. मीटरगेजची वाघीण ब्रॉडगेजवर जात नाही, म्हणून एका बाजूला लहान वाघीण, दुसऱ्या बाजूला मोठी, मध्ये धक्का आणि त्यावर हमालांची रांग. कौल, पोतं, ओंडका, सगळं माणसाच्या पाठीवरून इकडून तिकडे. कौलं तर हातोहात द्यावी लागायची, आणि तरी फुटायची. खानापूरहून निघालेली कौलं पुण्याला पोचायला पंधरवडा गेला तर कोणी नवल करत नसे.

1980 च्या दशकात रेल्वेने हे मोडीत काढायला सुरुवात केली. कारण साधं होतं, वाघीण धावण्यापेक्षा यार्डात उभी राहण्यात जास्त वेळ घालवत होती. त्यापेक्षा एका ठिकाणी सगळी गाडी भरायची, एका ठिकाणी सगळी रिकामी करायची आणि मध्ये कुठेही तोडायची नाही. रेल्वेला याचा मोठा फायदा झाला, हे मी नाकारत नाही. त्याच वाघिणींत कितीतरी जास्त माल वाहिला गेला. पण त्या दिवसापासून तुमच्या स्टेशनाची गरज संपली.

का संपली, हे नुसत्या आकड्यांत बघा. झाकलेल्या वाघिणींची पूर्ण रेक म्हणजे चाळीसहून अधिक वाघिणी आणि साधारण 2,500 टन माल. 50 किलोच्या पोत्यात मोजला तर 50,000 पोती. रेक धक्क्याला लागली की ठरावीक तासांत रिकामी करावी लागते, नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढतो. शंभर हमाल लावले तरी माणशी पाचशे पोती. शिवाय 16-17 टनांचा ट्रक धरला तर दीडशे ट्रक रांगेत पाहिजेत, त्यांना वळायला जागा पाहिजे, धक्क्यापर्यंत पक्का रस्ता पाहिजे, रात्री दिवे पाहिजेत. आता श्रावणातल्या पावसात खानापूरच्या रानातल्या स्टेशनावर शंभर हमाल आणि दीडशे ट्रक आणा बघू. म्हणून माल मोठ्या धक्क्यांवर गोळा झाला, आणि कौलवाल्याने, तांदूळवाल्याने ट्रक धरला. ट्रक दारातून उचलतो आणि दुसऱ्या दिवशी पोचवतो, त्याच्याशी भांडण कसलं?

गाडीची लांबीही बघावी लागते. 58-59 बॉक्सएन, म्हणजे उघड्या, वाघिणींची गाडी सव्वासहाशे मीटरच्या वर जाते, तिला इंजिन वेगळं. म्हणून स्टेशनातल्या लूपची, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या लाइनीची, प्रमाण लांबी 686 मीटर धरतात. मीटरगेजच्या काळात बांधलेल्या साइडिंगा याच्या निम्म्याही नव्हत्या. गेज बदलताना ज्या स्टेशनावर लूप लांब केला ते स्टेशन मालगाडीच्या नकाशावर राहिलं, आणि जिथे ‘इथे माल काय येतो’ म्हणून साइडिंग रुंदच केली नाही, तिथे तो निर्णय कायमचा झाला. लोकांना स्टेशन बंद झाल्याचं वीस वर्षांनी कळतं. कागदावर ते त्या दिवशीच ठरलेलं असतं.

आणि तो इंजिनाच्या एका आसावरचा 18.8 टनांचा आकडा. त्या इंजिनाला चालणारा रूळ भरलेल्या वाघिणीला पुरेनासा झाला. 2005 च्या आसपास वाघिणींत जास्त माल भरायला परवानगी मिळू लागली. भरलेल्या वाघिणीचा आसभार 20 टनांच्या पुढे, काही मार्गांवर 22-23 टनांपर्यंत गेला. मुख्य मार्गाचे रूळ आणि पूल त्यासाठी मजबूत केले. फाट्यावर ते केले नाहीत की फाट्यावर येणारी वाघीण कमी भरून आणावी लागते. व्यापारी म्हणतो, भाडं पूर्ण रेकचं आणि माल कमी, मला परवडत नाही. तोही खोटं बोलत नाही.

अळणावर-दांडेली फाट्याचंच बघा. सव्वीस-सत्तावीस किलोमीटरची लाइन, दांडेलीच्या रानातलं सागवान बाहेर काढायला घातलेली. पुढे दांडेलीला कागदाचा कारखाना आला, म्हणून लाकडाचे दिवस संपल्यावरही तिला माल राहिला. गेज बदलल्यावर दोन दशकांहून अधिक काळ तिथे पॅसेंजर नव्हती, लाइन मालगाडीसाठीच होती. 2019 च्या नोव्हेंबरात दांडेलीजवळच्या अंबेवाडीहून धारवाडला पॅसेंजर सुरू झाली तेव्हा लोकांनी इंजिनाला हार घातले. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो फाटा इतकी वर्षं मालावर जिवंत राहिला म्हणून पॅसेंजर आणायला रूळ तरी शिल्लक होता. टोकाला कारखाना नसता, तर तिथे आज सागाची झाडं असती.

आता लाइन बंद पडताना आतून कशी दिसते ते सांगतो, कारण तुम्हाला ते तुमच्या डोळ्यांनी तपासता येईल.

सकाळी रुळाजवळ उभे राहा आणि रुळाच्या माथ्याकडे बघा. गाड्या चालतात तिथे माथा आरशासारखा चकाकतो. दोन-तीन दिवस गाडी गेली नाही की त्यावर तांबूस साय धरते, आणि आपल्याकडच्या पावसात तर एका रात्रीत. हा गंज दिसायला किरकोळ असला तरी सिग्नलसाठी मोठी भानगड आहे. रुळावर गाडी आहे का ते ओळखणारं ट्रॅक सर्किट चाकांच्या आणि रुळांच्या स्पर्शावर चालतं. मध्ये गंजाचा थर आला तर गाडी उभी असूनही लाइन मोकळी दिसू शकते. म्हणून क्वचित वापराच्या लाइनीवर फार जपून काम करावं लागतं, आणि जपून काम म्हणजे वेळ.

मग कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू नेण्याचे हुकूम, येतात. गँगची माणसं कमी झाली, खडी भरली नाही, स्लिपर सुटले की इंजिनिअरिंग खातं वेग बांधतं. आधी 50, मग 30, मग 15. एकदा 15 झालं की ते काढायला पैसा लागतो, आणि पैसा मागायला गाड्या दाखवाव्या लागतात. गाड्या तर वेग नाही म्हणून कमी झालेल्या. मी अशा लाइनीवर 15 ने गाडी नेली आहे. माणूस शेजारून चालत गप्पा मारत येतो.

पुढची गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते आणि मला ती सर्वांत जास्त टोचते. ड्रायव्हरला प्रत्येक लाइन शिकावी लागते. कुठे चढ, कुठे वळण, कोणत्या फाटकावर शिटी, कोणता सिग्नल झाडाआड, हे सगळं फेऱ्या मारून शिकल्यावर तो सही करतो. तीन महिने त्या लाइनीवर गाडी नेली नाही तर पुन्हा शिकायच्या फेऱ्या कराव्या लागतात. फाट्यावर महिन्याला एखादी गाडी जायला लागली की ही सही असलेला ड्रायव्हर मिळेनासा होतो. गाडी भरून तयार, इंजिन तयार, आणि ती लाइन माहीत असलेला माणूस हुबळीहून यायचा म्हणून आठ तास थांबणं. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी व्यापारी मागणीच नोंदवत नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी मुद्दाम फाट्यावर शिकायला पाठवत असे. वरून विचारणा व्हायची, याची काय गरज? गरज तेव्हाच कळते जेव्हा तो माणूस नसतो.

फाट्यावर काम कसं चालतं हेही सांगतो, कारण तुमच्या आजोबांनी हे हाताळलं असणार. जिथे टोकाला एकच लाइन जाते आणि एका वेळी एकच गाडी सोडायची असते, तिथे ‘वन ट्रेन ओन्ली’ पद्धत असते. मास्तर एक दांडका देतो. तो दांडका ड्रायव्हरच्या हातात असेपर्यंत दुसरी गाडी त्या फाट्यावर जाऊ शकत नाही. इतकी साधी आणि इतकी पक्की गोष्ट मला रेल्वेत दुसरी माहीत नाही. मुख्य लाइनीवर टोकनचा गोळा असायचा, वेताच्या कड्याला लावलेल्या थैलीत. धावत्या इंजिनातून एका हाताने जुना गोळा टाकायचा, दुसऱ्याने नवा उचलायचा. पावसाळ्यात दंडावर बसलेल्या त्या कड्याचा वळ आठवडाभर जात नसे.

दुसऱ्या प्रश्नाचा उरलेला भाग, मालगाडी परत आणता येईल का. येईल, पण जुनी चार वाघिणींची पद्धत परत येणार नाही, ती आशा सोडा. मागायचं ते नेमकं मागा. रेल्वेत मिनी रेक म्हणून सोय आहे, वीस वाघिणींची. दोन ठिकाणी रिकामी होणारी रेकही मागता येते, अर्धी एका धक्क्यावर, अर्धी दुसऱ्यावर. तालुक्यातले खताचे, सिमेंटचे, तांदळाचे व्यापारी एकत्र बसले तर वर्षाला किती वीस-वीस वाघिणी भरतील याचा लेखी हिशेब काढता येतो. असा हिशेब घेऊन गेलेल्या माणसाला विभागीय कार्यालयात खुर्ची मिळते. नुसतं ‘आमचं स्टेशन सुरू करा’ असं निवेदन घेऊन गेलेल्याला चहा मिळतो. डिसेंबर 2021 पासून गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण आहे, त्यात खासगी माणूस स्वतःच्या किंवा रेल्वेच्या जागेवर मालधक्का बांधू शकतो. उगारकडच्या साखरेला, देसूरच्या तेलाला जागच्या जागी माल आहे म्हणून तिथे गाड्या थांबतात. खानापूरच्या बाजूला माल विखुरलेला आहे, तो गोळा करणं हे पहिलं काम.

आणि सगळ्यात आधी एक गोष्ट वाचवा: लूप. इमारत पडकी झाली तरी चालेल, धक्का मातीचा झाला तरी चालेल. लूप आणि त्याचे दोन सांधे जाग्यावर राहिले तर उद्या मालगाडी थांबू शकते. ते काढले की पुन्हा बसवायला नवीन कामाची मंजुरी, सिग्नलचे नवीन आराखडे, सगळं पहिल्यापासून. तुमच्या स्टेशनावर काढलेले दोन सांधे साइडिंगचे होते की लूपचे, हे आधी जाऊन बघा. सांध्याच्या जागी नुसती खडी दिसली आणि स्लिपर सलग दिसले, तर ते गेले. सांधा आहे पण कुलूप ठोकून पट्टी बोल्टने बांधली आहे, तर अजून वेळ आहे.

आता आजोबांची गोष्ट. ती खरी असणार, कारण अशाच एका रात्री मी इंजिनात होतो. कुठल्या स्टेशनावर ते सांगत नाही, लोंढ्याच्या अलीकडचं रान एवढं पुरे.

मिरगाचा पहिला पाऊस होता. ड्रायव्हरला मुसळधार पावसाची भीती नसते, मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. भीती असते पहिल्या शिडकाव्याची. उन्हाळाभर रुळावर पडलेलं तेल, धूळ आणि चाकांखाली चिरडलेली सागाची पानं, यांत थोडंसं पाणी मिसळलं की साबणासारखा काळा चिकट लेप होतो. आम्ही सिमेंट आणि लाकूड घेऊन चढावर होतो. थ्रॉटलच्या पाचव्या नॉचला व्हीलस्लिपचा, म्हणजे चाकं घसरल्याचा, दिवा लागला, अँपिअरचा काटा एकदम खाली पडला, इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि वेग मेला. ड्रायव्हर गदगकडचे, अण्णा म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांनी नॉच कमी केला, चाकांना पकड यावी म्हणून वाळू सोडली. वाळू येईना. पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं, वाळू ओली होऊन नळीत गच्च बसली होती.

मी पत्र्याचा डबा घेऊन खाली उतरलो. पेटीच्या तळातली कोरडी वाळू हाताने काढून इंजिनापुढे चालत चालत रुळावर टाकत गेलो, मूठ डाव्या रुळावर, मूठ उजव्या रुळावर. गाडी माझ्यामागे माणसाच्या चालीने येत होती. चाळीसेक पावलं आली आणि पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा चाकं फिरली तेव्हा अण्णांनी थ्रॉटल बंद केला. ‘रूळ जळतोय,’ एवढंच म्हणाले. एकाच जागी चाक फिरत राहिलं तर रुळाच्या माथ्यावर खड्डा पडतो, आणि तो खड्डा पुढे कधीतरी रूळ तोडतो.

मग गाडी तोडली. मागच्या अर्ध्या वाघिणींचे हातब्रेक गार्डने एकेक करून आवळले, चाकांना लाकडी पाचरी दिल्या, मागे जाऊन इशाऱ्यासाठी रुळावर फटाके बांधले आणि दिवा घेऊन तिथेच थांबला. त्या रानात एकटा. आम्ही मधलं कपलिंग सोडवलं आणि पुढची अर्धी गाडी घेऊन निघालो. हलकी झालेली गाडी चढ चढून गेली.

स्टेशनात शिरलो तेव्हा मास्तर बाहेर उभा होता. गाडी आली की शेवटच्या डब्यावरचा एल.व्ही. बोर्ड बघायचा, रात्री त्याचा लाल दिवा, आणि मगच मागचा सेक्शन मोकळा धरायचा. आमच्या शेवटच्या वाघिणीला ना बोर्ड ना दिवा. अण्णांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, गाडी अर्धी आहे. अर्धी गाडी लूपमध्ये ठेवली, इंजिन सुटलं, सांधा फिरला आणि आम्ही एकटं इंजिन घेऊन रानात परत गेलो. गार्डचा दिवा लांबून दिसला तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. जोडलं, व्हॅक्यूम 53 सेंटिमीटर होईपर्यंत थांबलो, एकेक हातब्रेक सोडला, पाचरी काढल्या आणि दुसरा अर्धा भाग घेऊन पहाटे पुन्हा त्याच स्टेशनात आलो. या वेळी मागे लाल दिवा होता.

मास्तरच्या वहीत ती एकच गाडी, एकच नंबर. पण सांध्यावर उभ्या माणसासाठी ती दोनदा आली. पहिल्या खेपेला लूपसाठी सांधा फिरवायचा, इंजिन परत जाताना मुख्य लाइनीला लावायचा, दुसऱ्या खेपेला पुन्हा बघायचा, आणि दोन्ही भाग जोडताना शंटिंगसाठी आणखी दोन-तीनदा. त्या रात्री आमच्या सांधेवाल्याने पावसात किती वेळा लिव्हर ओढला ते मी मोजलं नाही. सकाळी रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, तो चहा प्यायला आला, तेव्हा कप धरताना त्याचे हात थरथरत होते.